परवाना, पिस्तूल आणि नियम तीन

अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली १९९५ साली जे नियम झाले, ते आपल्यापैकी किती कार्यकर्त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले आहेत? नियम १२ सर्वांना तोंडपाठ असतो, कारण त्यात पीडिताच्या आर्थिक मदतीचा विषय येतो. नियम ७ माहीत असतो, कारण तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने केला नाही म्हणून आरोपी सुटतात आणि त्याचा मनस्ताप आपल्याला होतो. परंतु नियम ३ ? अत्याचार घडू नये म्हणून सरकारने आधी काय करायचे, हे सांगणारा हा नियम. आपली चळवळ अत्याचार घडल्यानंतर मोर्चा काढण्यात पटाईत झाली आहे. घडण्यापूर्वीचा हा नियम मात्र पुस्तकातच पडून आहे.

या नियमाच्या पोटात एक उपनियम आहे. व्यक्तीच्या आणि मालमत्तेच्या सुरक्षिततेसाठी आवश्यक वाटल्यास राज्य सरकारने अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना शस्त्र परवाने द्यावेत, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. होय, शस्त्र परवाने! म्हणजे बंदूक, रिव्हॉल्व्हर, पिस्तूल. आणि ही मागणी कुणा डोके फिरलेल्या तरुणाने भाषणात केलेली नाही. भारत सरकारच्या राजपत्रात छापलेला हा कायदा आहे. २०२० साली हाथरस प्रकरणानंतर चंद्रशेखर आझाद यांनी बहुजनांना शस्त्र परवाने द्या अशी मागणी केली, तेव्हा दूरचित्रवाणीवरच्या विद्वानांनी अराजक, अराजक म्हणून गळा काढला. त्या विद्वानांनी नियम ३ वाचला असता तर निदान आवाज थोडा खाली आला असता.

गेल्या काही वर्षांत माझ्याकडे या कामासाठी लोक येऊ लागले आहेत. कुणी अत्याचाराच्या खटल्यातला फिर्यादी असतो, कुणी साक्षीदार, कुणी राखीव जागेवर निवडून आलेला सरपंच. प्रश्न एकच, "वकीलसाहेब, लायसन्स मिळेल का ? आणि मिळाले तर कोणते हत्यार घ्यावे ?" प्रश्न सरळ आहे, म्हणून उत्तरही सरळ दिले पाहिजे. छाती फुगवून "घ्या पिस्तूल" म्हणणे सोपे आहे आणि "आपण बुद्धाचे अनुयायी, आपल्याला शस्त्र कशाला" म्हणून हात झटकणे त्याहून सोपे आहे.

आधी हा अहिंसेचा मुद्दा घेऊ, कारण आपल्याच माणसांकडून तो पहिल्यांदा पुढे येतो. बाबासाहेबांनी बुद्धाची अहिंसा मांडताना मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला आहे. जीव वाचविण्यासाठी हात उचलणे आणि जीव घेण्यासाठी हात उचलणे ही एकच गोष्ट नव्हे. त्याच बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला, तळ्याचे पाणी घेऊन परतणाऱ्या आपल्या लोकांवर हल्ला झाला तेव्हा, प्रतिकाराला सज्ज असलेल्या जमावाला आवरले. त्या जमावात सैन्यातून आलेली माणसे होती, त्यांना मारता येत नव्हते असे नाही. बाबासाहेबांनी आवरले आणि हल्लेखोरांना कोर्टात खेचले. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत, हे विसरून चालणार नाही.

आणि शस्त्र हा आपल्यासाठी केवळ पोलादाचा तुकडा कधीच नव्हता. चातुर्वर्ण्याने बहुसंख्य समाजाला शस्त्रापासून दूर ठेवले, आणि म्हणूनच या देशात सामाजिक क्रांती झाली नाही, असे बाबासाहेबांनी 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये १९३६ साली लिहिले. इंग्रजांच्या सैन्यात महारांची भरती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात बंद झाली. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडावे लागले. इंग्रजांनी १८७८ साली जो शस्त्र कायदा केला, त्यात हिंदी माणसाला परवाना हवा आणि युरोपियनाला सूट, अशी उघड उघड वर्णव्यवस्थाच होती. शस्त्र कुणाच्या हातात असावे, हा प्रश्न प्रत्येक काळात कुणाला माणूस मानायचे या प्रश्नाला जोडलेला आहे.

अमेरिकेतील काळ्या बांधवांच्या इतिहासात हे अधिक नागडेपणाने दिसते. तिकडच्या सर्वोच्च न्यायालयाने १८५७ साली ड्रेड स्कॉट खटल्यात काळ्या माणसाला नागरिकत्व नाकारले, तेव्हा मुख्य न्यायमूर्ती टॅनी यांच्या कारणांपैकी एक कारण असे होते, की यांना नागरिक मानले तर ते जिथे जातील तिथे शस्त्र बाळगू शकतील. गुलामगिरी गेल्यावर १८६५ साली मिसिसिपी राज्याने मुक्त झालेल्यांना परवान्याशिवाय बंदूक ठेवायला बंदी केली. १८९२ साली मेम्फिस शहरात आपल्या मित्राचे झुंडबळी प्रकरण पाहिल्यावर इडा बी. वेल्स या पत्रकार भगिनीने पिस्तूल विकत घेतले आणि झुंडीविरुद्ध लेखणी चालविली. आणि मार्टिन ल्यूथर किंग ? अहिंसेचा हा सर्वात मोठा पुरस्कर्ता. ३० जानेवारी १९५६ रोजी माँटगोमेरीत त्यांच्या घरावर बाँब पडला. त्यानंतर त्यांनी अंगावर लपवून पिस्तूल बाळगण्याच्या परवान्यासाठी रीतसर अर्ज केला. अधिकाऱ्यांनी तो फेटाळला. ज्याच्या घरावर बाँब पडला, त्याला धोका आहे हे त्या अधिकाऱ्यांना पटले नाही! कायदा वाचायला सर्वांना सारखा होता. "योग्य व्यक्ती" कोण, हे ठरविण्याचा अधिकार मात्र गोऱ्या अधिकाऱ्याच्या खिशात होता. आपल्या वाचकांना हे चित्र ओळखीचे वाटेल. पुढे किंग यांनी घरातून शस्त्रे काढून टाकली, तीही कुणाच्या धाकाने नव्हे, स्वतःच्या विचाराने.

१९६७ साली कॅलिफोर्नियात ब्लॅक पँथर कायद्याने मान्य असलेल्या बंदुका उघडपणे घेऊन विधानभवनात गेले. त्याच वर्षी गव्हर्नर रेगन यांनी भरलेली बंदूक उघडपणे बाळगण्यावर बंदी आणणाऱ्या कायद्यावर सही केली. पुढे बंदूकवाल्यांचे लाडके झालेले हेच रेगन. ज्या पँथरांचे नाव १९७२ साली मुंबईत आपल्या तरुणांनी घेतले, त्यांच्या हाती बंदूक दिसताच कायदा बदलला.

आज अमेरिकेत परिस्थिती उलटी आहे. जून २०२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्कचा जुना कायदा रद्द केला. लपवून पिस्तूल बाळगण्यासाठी विशेष कारण दाखवा, अशी अट सरकारला घालता येणार नाही, असे म्हटले. त्या खटल्यात गरिबांची वकिली करणाऱ्या काळ्या वकिलांच्या संघटनांनी हा कायदा रद्द करा म्हणून म्हणणे मांडले होते, कारण त्याखाली तुरुंगात जाणारे त्यांचे अशील बहुतेक काळेच असत. सिग सॉअर पी ३६५ सारखे अर्ध्या किलोच्या आसपास वजनाचे, दहा गोळ्यांचे मॅगझिन असलेले नऊ एमएमचे पिस्तूल तिथे शर्टाखाली दिसतही नाही. तिथे लोक पिस्तुलाची पारख अशी करतात जशी आपल्याकडे मोबाईलची. पण जुलै २०१६ मध्ये मिनेसोटात फिलांडो कॅस्टिल या काळ्या तरुणाची गाडी पोलिसाने अडविली. त्याच्याकडे परवाना होता, पिस्तूल होते, आणि त्याने आपल्याकडे पिस्तूल आहे असे पोलिसाला स्वतःहून सांगितले. काही क्षणांत पोलिसाने त्याला गोळ्या घातल्या. २०१७ साली तो पोलीस निर्दोष सुटला. परवाना कागदावर सारखाच असतो, पण तो कुणाच्या खिशात आहे यावर त्याची किंमत ठरते. हे मी भीती घालण्यासाठी सांगत नाही. पिस्तूल घेऊन पोलीस ठाण्याची पायरी चढणाऱ्या आपल्या माणसाने हे डोक्यात ठेवावे म्हणून सांगतो.

आता आपल्या कायद्याकडे येऊ. भारतात शस्त्र बाळगणे हा मूलभूत हक्क नाही. घटनेच्या कलम १९ ने एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य दिले, तेच मुळी शांततेने आणि विनाशस्त्र. १९९३ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या एका निकालात परवान्याचा विषय कलम २१ मधील जीविताच्या हक्काशी जोडला गेला होता, पण तो विचार पुढे टिकला नाही. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये पुन्हा बजावले, की अमेरिकेसारखा शस्त्राचा मूलभूत अधिकार आपल्या राज्यघटनेत नाही. तेव्हा "मला हक्क आहे" म्हणून अर्ज करू नका. "मला गरज आहे, आणि नियम ३ ने सरकारवर जबाबदारी टाकली आहे" म्हणून करा. या दोन वाक्यांत कोर्टाच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

१९५९ च्या शस्त्र कायद्यात आपल्या कामाची एक ओळ आहे, ती अधोरेखित करून ठेवावी. कलम १४ म्हणते, की अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणाने परवाना नाकारता येणार नाही. तरीसुद्धा पोलिसांच्या चौकशीत पहिला प्रश्न काय असतो ? शेती किती, उत्पन्न किती, आयकर भरता का ? माझ्या एका अशिलाच्या चौकशी अहवालात "अर्जदार भूमिहीन असून त्यास संरक्षण करण्याजोगी मालमत्ता नाही" असा शेरा होता. भूमिहीनाला जीव नसतो काय ? ज्याच्याकडे शंभर एकर आहे त्याच्याच मानेवर डोके असते काय ? असा शेरा आला की कलम १४ चे बोट धरून तो खोडून काढता येतो. नाकारण्याची कारणे अधिकाऱ्याने लेखी नोंदवली पाहिजेत, आणि मागितल्यास सामान्यतः ती अर्जदाराला द्यावी लागतात. कारणे मागा. तोंडी नकारावर अपील करता येत नाही.

आता हत्याराची पारख. आपल्या देशात सामान्य नागरिकाला नऊ एमएम किंवा पॉइंट ३८ चे पिस्तूल मिळत नाही. ते निषिद्ध बोअर. राहते पॉइंट ३२ आणि पॉइंट २२. परदेशी हत्यारांची आयात सामान्य माणसासाठी १९८० च्या दशकातच बंद झाली, म्हणून जुनी विलायती पिस्तुले लाखांच्या बोलीने विकली जातात. त्या वाटेला जाऊ नये. उरले सरकारी कारखान्यांचे. कानपूरच्या आयुध कारखान्याने जानेवारी २०१४ मध्ये 'निर्भीक' नावाचे पॉइंट ३२ चे रिव्हॉल्व्हर आणले. दिल्लीच्या २०१२ च्या प्रकरणानंतर महिलांसाठी म्हणून त्याची जाहिरात झाली. वजन ५०० ग्रॅम, सहा गोळ्या, आणि किंमत १ लाख २२ हजार ३६० रुपये. कोणत्या महिलांसाठी ? शेतात मजुरीला जाणाऱ्या आपल्या भगिनींच्या तर सगळ्या वर्षाच्या मजुरीतही ते बसत नाही. त्यानंतर 'निडर' नावाचे पॉइंट २२ चे, आणखी हलके आणि पुष्कळ स्वस्त रिव्हॉल्व्हर आले. आयुध निर्माणी मंडळ २०२१ साली मोडून त्याच्या कंपन्या झाल्या आणि त्यातल्या एकीने २०२३ मध्ये 'प्रबल' हे रिव्हॉल्व्हर आणले. सप्टेंबर २०२५ पासून पिस्तूल-रिव्हॉल्व्हरवरचा जीएसटी २८ वरून ४० टक्क्यांवर गेला. खासगी विमाने आणि यॉट ज्या रांगेत, त्याच रांगेत. सरकारच्या लेखी ती चैनीची वस्तू आहे. नियम ३ खाली दिलेल्या परवान्यावर तरी हा कर माफ व्हावा, ही मागणी आपल्या लोकप्रतिनिधींनी करायला काय हरकत आहे ?

पिस्तूल की रिव्हॉल्व्हर, असे विचारणाऱ्याला मी रिव्हॉल्व्हर सांगतो. पिस्तुलाचे मॅगझिन, स्लाइड, सेफ्टी यांना सराव लागतो. गोळी अडकली तर ती काढायला शांत डोके लागते. रिव्हॉल्व्हरमध्ये एक गोळी नाही उडाली तर घोडा पुन्हा ओढला की पुढची येते. पण लहान आणि हलके हत्यार झटका जास्त देते, त्याची नळी आखूड असते, आणि नवख्या हाताचा नेम चार-पाच पावलांपलीकडे भरवशाचा राहत नाही. खिशात मावते म्हणून ते चांगले, ही समजूत चुकीची आहे. ज्याचा घोडा तुमच्या बोटाला न थरथरता ओढता येतो आणि ज्यावर तुम्ही सराव केला आहे, ते चांगले. २०१६ च्या शस्त्र नियमांनी प्रशिक्षणाची अट घातली आहे. आपले लोक तिला कागदी अडथळा समजतात. प्रमाणपत्रापुरते नव्हे, खरोखर शिका. ज्याला सराव करायला ना जागा आहे ना गोळ्यांचा खर्च परवडतो, त्याने एवढे पैसे घालण्याआधी दहा वेळा विचार करावा.

याच नियमांप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी हत्यार अंगावरच्या होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेले आणि आपल्या ताब्यात असले पाहिजे. म्हणजे अमेरिकेत ज्यावर एवढी कोर्टबाजी झाली ते लपवून बाळगणे, आपल्याकडे परवानाधारकाचे कर्तव्यच आहे. तेव्हा कमरेला लावून जयंतीच्या मिरवणुकीत मिरवायचे असेल तर अर्जच करू नका. २०१९ च्या दुरुस्तीने आनंदाच्या भरात गोळीबार करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड ठेवला आहे, आणि विनापरवाना हत्यारासाठी किमान दोन वर्षे, जास्तीत जास्त पाच. "कट्टा" घेऊन फिरणाऱ्या पोरांना हे कुणीतरी सांगा. तो कट्टा तुमच्या शत्रूपेक्षा तुमच्याविरुद्धच्या आरोपपत्राला अधिक उपयोगी पडतो.

आणि घरातला धोका. कॅलिफोर्नियातील अडीच कोटींहून अधिक लोकांच्या नोंदींवरून झालेला एक मोठा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. हँडगन बाळगणाऱ्या पुरुषांत बंदुकीने आत्महत्या करण्याचे प्रमाण न बाळगणाऱ्यांच्या सुमारे आठपट आणि स्त्रियांत सुमारे पस्तीसपट आढळले. ज्या घरावर बहिष्काराचे, खटल्याचे, कर्जाचे दडपण आहे, त्या घरात हे हत्यार कुणावर चालेल याची खात्री कोण देणार ? कुलूपबंद पेटी आणि गोळ्या वेगळ्या, याला पर्याय नाही. पण कुलूपबंद पेटी रात्री दोन वाजता दरवाजा फुटताना किती वेळात उघडते, हेही एकदा घड्याळ लावून पाहा.

खैरलांजी आठवा. २९ सप्टेंबर २००६. सुरेखा भोतमांगे यांनी मारहाणीच्या एका प्रकरणात आरोपींविरुद्ध साक्ष दिली होती. त्या प्रकरणातले आरोपी जामिनावर सुटले आणि त्याच दिवशी जमाव घरावर चालून आला. सहा गोळ्यांचे रिव्हॉल्व्हर त्या जमावापुढे किती वेळ टिकले असते ? काही म्हणतात, पहिल्या गोळीला जमाव पांगला असता. असेलही. पण दुसऱ्या दिवशी कोर्टात उभे कोण राहिले असते, हेही विचारा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये खासगी बचावाचा हक्क आहे, आणि जिवाच्या भीतीने केलेल्या बचावात हल्लेखोराचा मृत्यू झाला तरी कलम ३८ संरक्षण देते. तरीही जरुरीपेक्षा अधिक इजा नको, ही कलम ३७ ची मर्यादा आहे, आणि कोणती इजा जरुरीची होती हे घटनेनंतर कित्येक वर्षांनी सरकारी वकील सांगतो. तोवर आपला माणूस खुनाच्या आरोपाखाली आत असण्याची शक्यता मी अशिलापासून लपवत नाही.

त्या साक्षीदाराला त्या दिवशी आधी हवे होते ते पोलीस संरक्षण, आणि आरोपींच्या जामिनाची वेळेवर खबर. २०१५ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १५अ खाली आज या दोन्ही गोष्टी मागता येतात. ते कलम २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. २०१८ ची साक्षीदार संरक्षण योजना सर्वोच्च न्यायालयाने मान्य करून देशभर लागू केली आहे. नियम ३ मध्येही परवान्याच्या आधी दोन पायऱ्या आहेत, त्या मला परवान्यापेक्षा मोठ्या वाटतात. अत्याचारप्रवण क्षेत्रातील बिगर अनुसूचित लोकांचे, त्यांच्या नातेवाइकांचे, नोकरांचे शस्त्र परवाने आवश्यक तर रद्द करून हत्यारे सरकारी शस्त्रागारात जमा करायची. आणि सर्व बेकायदा हत्यारे जप्त करायची. आपल्याला एक पिस्तूल मिळण्यापेक्षा पाटलाच्या वाड्यातली तीन जमा होणे, यात गावाची अधिक सुरक्षितता आहे. निवडणुका आल्या की परवानाधारकांची हत्यारे पोलीस ठाण्यात जमा करून घेण्याची पद्धत सर्वांना माहीत आहे. म्हणजे यंत्रणेला हे करता येते; अत्याचाराच्या वेळी ते करायचे नसते एवढेच. आणि त्याच निवडणुकीच्या तणावात आपल्या सरपंचाचे रिव्हॉल्व्हरही ठाण्यातच पडून राहू शकते, हे घेणाऱ्याने धरून चालावे.

यातली गंमत अशी, की आयुक्तालये सोडली तर जिल्ह्यात शस्त्र परवाना देणारा अधिकारी जिल्हादंडाधिकारी. आणि नियम १७ खालच्या जिल्हा दक्षता व नियंत्रण समितीचा अध्यक्षही तोच. ही समिती तीन महिन्यांतून एकदा बसली पाहिजे. समितीवर आपले अशासकीय सदस्य असतात. ते चहा पिऊन, इतिवृत्तावर सही करून येतात. त्यांनी पुढच्या बैठकीत तीन प्रश्न लेखी मांडावेत : जिल्ह्यात अत्याचारप्रवण म्हणून कोणती गावे ठरविली, त्या गावांत नियम ३ खाली किती बिगर अनुसूचित परवाने रद्द वा जमा केले, आणि अनुसूचित जाती-जमातीच्या किती अर्जदारांना परवाने दिले, किती नाकारले. उत्तर आले नाही तर हेच प्रश्न माहितीच्या अधिकारात कार्यकर्त्याने टाकावेत. उत्तरात शून्य आले तरी तो शून्य कोर्टात पुरावा म्हणून वापरता येतो.

ज्यांना अर्ज करायचाच आहे, आणि वस्तीपासून दूर शेतात एकटे राहणारे फिर्यादी, धमकीची लेखी तक्रार असलेले साक्षीदार यांनी तो जरूर करावा, त्यांनी अर्जाला गुन्ह्याच्या एफआयआरची प्रत, धमक्यांच्या तक्रारींच्या पोचपावत्या, खटल्याचा क्रमांक आणि संरक्षण मागितल्याच्या अर्जाची प्रत जोडावी. अर्जात नियम ३ चा उल्लेख शब्दशः करावा. एक प्रत विशेष न्यायालयात कलम १५अ च्या अर्जासोबत दाखल करावी, म्हणजे उद्या काही झाले तर प्रशासनाला "आम्हाला धोक्याची कल्पना नव्हती" असे म्हणता येणार नाही. परवाना नाकारला तर मुदतीत कलम १८ खाली अपील करावे. माझ्याकडच्या एका प्रकरणात परवाना आजतागायत मिळालेला नाही. पण अर्ज पडताच वस्तीवर रात्रीची पोलीस गस्त सुरू झाली आणि ती अजून चालू आहे.